घरगुती कारण

माय, तुला जाऊन लई वर्षं झाली आणि मी चौथीपर्यंत शिकलेली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको. तुला वाचता येत नव्हतं तरी ठेवायचीसच. सांगायचं एवढंच की तुझ्या नातवाच्या बायकोनं, माझ्या सुनेनं, सोमवारी नोकरी सोडली. इथं लातूरला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. बाळंतपणाची रजा संपली, पोरगी सहा महिन्यांची झाली. तिची आई औशाला अंथरुणावर, पाळणाघरात ठेवायला तिचं मन धजेना. राहिले मी. तिनं विचारलं, मी न्हाई म्हणाले.

माझं पोर तीन महिन्यांचं होतं तेव्हा मी नांदेडच्या दवाखान्यात आया होते. नवऱ्याचं काही खरं नव्हतं. मुखेडला आपल्या चुलीपुढं तू माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं ठेवून वरून फडकं आवळून बांधलंस, दूध आटावं म्हणून. मी रडते आहे, आणि तू भाकरी थापता थापता, मागं न बघता म्हणतेस, "रडून काय व्हतंय? सकाळच्या एस.टी.नं जा. नोकरी गेली की गेली. पोर कुठं पळून चाललंय?" पळालं न्हाई. दर रविवारी मी यायचे आणि ते तुझ्या लुगड्यामागं लपायचं. तुला माय म्हणायचं. मला काय म्हणायचं ते तूच शिकवलंस, "नांदेडची बाई आली बघ." तू हसायचीस, मग मीही हसायचे. शाळेसाठी त्याला नांदेडला आणलं तर आठ दिवस धड जेवलं न्हाई.

पोर तू सांभाळलंस, एवढंच सुनेला ठाऊक. स्वयंपाकघरात पोरीला भरवता भरवता म्हणाली, "आत्या, तुमच्या आईनं तुमचं पोर सांभाळलंच की."

"म्हणूनच न्हाई म्हणते."

"म्हणजे?"

"म्हणजे न्हाई. जिचं पोर तिनं बघावं."

मुलगा दारात चपला घालत होता. म्हणाला, "माझी माय असती तर एका शब्दात हाव म्हणाली असती." माय म्हणजे तू. मी समोर उभी, हातात पळी. वरणात मीठ पडलं होतं, मी परत टाकलं. ते खारट वरण रात्री तिघांनी संपवलं.

राजीनामा तिनं मोबाइलवर लिहिला आणि मला वाचून दाखवला. घरगुती कारणास्तव, असं होतं त्यात. मी म्हणाले, "कारण कशाला, माझं नाव टाक की." तिला हसू आलं न्हाई. सोमवारी पांढरा कोट परत देऊन आली. शेजारीण विचारते, "सुट्टी वाढवली का गं?" तर ही हाव म्हणते. पोरीच्या कपड्यांच्या घड्या घालते, मोडते, परत घालते. पोरगी रडली तर उठते, पण उठायच्या आधी भिंतीकडं बघत बसते. मला वाटलं होतं, जे मला मिळालं न्हाई ते हिला तरी मिळंल. तिला ते पाहिजे का, हे मी विचारलं न्हाई. तूही मला विचारलं नव्हतंस.

आज सून आंघोळीला गेली आणि पोरगी रडायला लागली. मी घेतलं. खांद्यावर मान टाकून लगेच गप. सून ओल्या केसांनी बाहेर आली, हात पुढं केले, तर ही येईना, तोंड फिरवून माझ्या मानेत घुसली. मी पदराआडून तिच्या मांडीला चिमटा काढला. किंचाळली आणि आईकडं गेली. सून म्हणाली, "भूक लागली असंल." मी म्हणाले, "असंल."

हे सुनेला सांगायचं न्हाई. मुलाला तर न्हाईच. तू जिती असतीस तर तुलाही सांगितलं नसतं. कागदाची घडी करून ट्रंकेत टाकते, माझ्यामागं कुणी वाचला तर वाचला.

एक लिहायचं राहिलं. सुनेनं हात पुढं केले तेव्हा मी आधी चिमटा काढला न्हाई. आधी तिच्याकडं पाठ केली आणि पोरीला घेऊन दोन पावलं आत गेले होते.