जासिंतासाठी ठेवलेली जागा

हेग, ११ मार्च

प्रिय ओतीलिया,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या रुईला इथली नोकरी मिळाली हे ऐकून माझा दुआर्त स्वयंपाकघरात नाचायलाच लागला. आम्ही मजेत आहोत. बेनेदिता अकराची झाली, माझे बूट तिला होतात. आईचा खोकला कसा आहे?

तू जासिंताच्या शाळेचं विचारलंस. बेनेदिताच्या शाळेचा एवढा हट्ट धरू नकोस. बाहेरून ती आंतरराष्ट्रीय शाळा फार देखणी दिसते गं, पण आईबापांच्या बदल्या होतात नि मुलं दोन वर्षांत निघून जातात. एखादी मैत्रीण मिळते न मिळते तोच तिच्या निरोपाचा केक कापायची वेळ येते. जासिंता अडखळत बोलते, त्यासाठीही तिथे खास कुणी नाही. त्यापेक्षा तुमच्या घराजवळची साधी डच शाळा बघ. मुलं भाषा पटकन उचलतात असं सगळेच म्हणतात.

घाई करू नकोस. पण ठरवायचंच असेल तर लवकर ठरव.

येताना सुका मासा आण. इथे मिळतो त्याला चव नाही.

तुझी ताई,
फिलोमेना

*

हेग, १९ नोव्हेंबर

ओती,

तुझ्या घरी सायकलने दहा मिनिटांत पोचते, तरी पत्र लिहितेय. तोंडाने सांगायला तीनदा आले होते. तू कॉफी ओततेस, काहीतरी बोलून हसवतेस, आणि मी केक खाऊन परत येते.

दुआर्तचा गुडघा आता बरा आहे. बेनेदिताला सर्दी झालीय. आमच्या जिन्यातला दिवा एकदाचा बदलला.

रविवारी जेवताना जासिंताने ब्रेड हवा म्हणून नुसतं बोट दाखवलं. तू म्हणालीस, "बोल ना राणी, काय हवंय?" तिने बोट खाली घेतलं आणि ब्रेडशिवायच जेवली. मग भांडी घासताना तू मला म्हणालीस, "ताई, दहा आठवडे झाले, शाळेत तिने एक शब्द काढलेला नाही. बाई म्हणतात, धीर धरा. मी चुकीची शाळा निवडली का गं?"

मी म्हणाले, "तू कसली चुकतेस!" आणि एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिले.

चुकली तू नाहीसच. आमच्या शाळेत बोलण्याच्या अडचणींसाठी मार्गित नावाच्या बाई आहेत. बेनेदिताच्या वर्गात एक पोर होती, तिला स्वतःचं नाव सांगता येत नसे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिने नाटकात राणीचं काम केलं. तुला ते पत्र लिहिलं तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. तू शाळेला चौकशीचं पत्र पाठवलं होतंस, त्यात माझं नाव घातलं होतंस. प्रवेशाचं बघणाऱ्या विल्हेल्मिन एप्रिलमध्ये मला व्हरांड्यात भेटल्या. म्हणाल्या, "तुझ्या भाचीसाठी एक जागा ठेवलीय. येतेय ना ती?" मी म्हटलं, "नको, त्यांचं दुसरीकडे ठरलंय. तुम्ही नका लिहू, बहिणीला मीच कळवते." संध्याकाळी तुला फोन केला आणि सांगितलं, वर्ग भरला.

का, ते सांगते. फेब्रुवारीत रुईच्या मुलाखतीसाठी तुम्ही चार दिवस आला होतात. तू न्याहारीला गावच्या पाद्र्याची नक्कल केलीस, तेव्हा हसून हसून बेनेदिताच्या नाकातून दूध आलं. माझ्या घरात ती तशी कधी हसलेली नाही. मग तू आमच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत आलीस. तिथल्या स्वीडिश इंग्रिडला 'सुप्रभात'वरून कॉफीपर्यंत आणायला मला वर्ष लागलं होतं. तिने पाच मिनिटांत तुझ्या हातात हात घातला. मला म्हणते, "अगं, हिला इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस?"

मी हसले. आतून मात्र नुसती आग झाली.

आपल्या गावी, ब्रागात, मी कायम ओतीची मोठी बहीण होते. शिंप्याच्या मुलींपैकी ती गप्प असते ती. या शाळेत मात्र सहा वर्षं नव्या पालकांच्या स्वागताच्या टेबलापाशी मी बसते, घाबरलेल्या आया मला शोधत येतात. तेवढी एक जागा मला तुझ्याशिवाय हवी होती. ती राखली मी, आणि भोगतेय ती नऊ वर्षांची पोर.

सोमवारी विल्हेल्मिनकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे तुझ्या बहिणीला यातलं काहीच माहीत नाही?"

"नाही."

"नव्या पालकांच्या टेबलावर तू आता बसू नकोस, फिलोमेना."

मी मान हलवली. त्यांनी वही काढली. एक नॉर्वेजियन कुटुंब नाताळात परत जातंय, जासिंताच्या इयत्तेत जानेवारीला जागा होईल. शुक्रवारपर्यंत ती तुमच्यासाठी राखलीय, पण होकार तू स्वतः द्यायचा. माझ्या तोंडचा निरोप त्या घेणार नाहीत. मार्गित बुधवारी दुपारी जासिंताला भेटायला तयार आहेत. तू आणि रुई घेऊन जा. मी येत नाही.

मी सुधारले असं समजू नकोस. हे लिहितानाही जळतेय. जानेवारीत त्या फाटकाशी बायका तुझ्याभोवती जमलेल्या मला आत्ताच दिसतायत. ते माझं मी बघेन.

पत्र वाचून मला फोन केला नाहीस, दार उघडलं नाहीस, तरी माझी तक्रार नसेल. बेनेदिताला मात्र येऊ दे. 'मावशीकडे गेलं की बरं वाटतं' म्हणते. पत्रातलं हे एवढं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तू ठरवशील ती,
फिलोमेना