ज्योत्स्नाची कॅचर

१२ जानेवारी
सॉफ्टबॉल क्लबचा फोन आला! त्यांच्या नव्या कॅचरचं बोट मोडलं. कोच अण्णासाहेब सर म्हणले, "मीना, उद्या जालन्याला ये, सगळं सामान घेऊन." वर्षभर कुठं गेल्ते हे सर? मनात लाडू फुटून राह्यले होते, पण आवाजात कळू दिलं न्हाई.

लिहूनच ठेवते. मागच्या वर्षी ज्योत्स्नानं सरांना जाऊन सांगितलं, "मीनाचा गुडघा गेला, ती आता कॅचरचं बसणं बसू शकत न्हाई." गुडघ्याचं फक्त तिलाच सांगितल्तं मी. ती बॉल टाकणारी पिचर, मी बॅटवालीच्या मागं उकिडवं बसून झेलणारी कॅचर — परतूरच्या मोंढ्यामागं एकमेकींना बॉल फेकून शिकलो दोघी. अन् तिच्या एका वाक्यावर माझा करार गेला. वर्षभर भावाच्या दुकानात सरकी तोलली. तवापासून तिच्याशी बोलले न्हाई. बोलणारबी न्हाई. पण सोडणार न्हाई तिला.

१३ जानेवारी
गुडघ्याला पट्टा बांधून बसले. दुखतो. आता कोणालाच सांगत न्हाई.
ज्योत्स्ना जवळ आली. "मीने, बरी हायस का?" मी जाळीचा मास्क तोंडावर ओढला.

१९ जानेवारी
आज एक ध्यानात आलं. कुठला बॉल, कुठं टाकायचा, हे कॅचर बोटांनी दाखवती. पटलं न्हाई तर पिचर मान हलवती, मंग दुसरा इशारा. बाकीच्या कॅचरना ज्योत्स्ना सारखी मान हलवती. मला आजवर एकदाबी हलवली न्हाई. आजबी न्हाई. दाखवलं तिथंच बॉल.
एवढा भरोसा! बरं झालं. कामाला येईल.

२५ जानेवारी
माय म्हणली, "दोन शब्द बोल की गं तिच्याशी. किती दिवस असं तोंड फिरवून बसणार?" बोलते म्हणलं, मैदानात.

१ फेब्रुवारी
सेमीफायनल जिंकलो. उद्या फायनलला भारताच्या संघाची निवड करणारे येणार — खास ज्योत्स्नाला बघायला.
दुपारी दुसरी सेमीफायनल बघत बसले. जिंकली त्या टीमची एक उंच डावखुरी बॅटर, गुडघ्याजवळचा बॉल दिसला की सोडतच न्हाई, लांब भिरकावती. वरच्या बॉलला मात्र चाचपडती. हे टीमला सांगणं माझंच काम. सांगितलं न्हाई.

२ फेब्रुवारी
झालं एकदाचं!
शेवटचा डाव. आम्ही एका रननं पुढं, त्यांच्या दोघी बाद, एक बेसवर. तिसरी बाद झाली की कप आमचा. समोर तीच डावखुरी. मी बोटं दाखवली — खाली, गुडघ्याजवळ. ज्योत्स्ना माझ्याकडं बघतच राह्यली. आता मान हलवती, वाटलं. न्हाई हलवली. फेकला.
बॉल कुंपणापार, त्यांचे दोन रन. हरलो. निवडवाले उठून गेले. ज्योत्स्ना मातीतच बसली, अन् मी मास्क काढून तिला पोटभर बघून घेतलं. काळजाला गार वाटलं. मागच्या वर्षी मीबी अशीच बसल्ते, कोणी बघायलाबी न्हवतं.

३ फेब्रुवारी
परतूर. झोप मस्त लागली.

५ फेब्रुवारी
ज्योत्स्ना घरी आल्ती. निवडीत तिचं नाव न्हाई. माय चहा टाकायला आत गेली तशी हळूच म्हणली, "ती डावखुरी खालचा बॉल सोडत न्हाई. त्यांची सेमीफायनल मीबी बघितल्ती. तू बोटं दाखवली तवाच समजलं मला. तरी फेकला. आता तरी बोल माझ्याशी, मीने."