बैलाची दारू

अकोला, ११ जानेवारी १९३५

यांना पोलिसांनी धरलं! वांगी घेऊन जुन्या शहराच्या बाजारात शिरताना गाडी भाजीवाल्या पार्वताबाईवर गेली. तिचा पाय चाकाखाली आला. शिपाई म्हणतो, गाडीवाला प्यालेला होता.

जामिनावर घरी आले. मान खाली. म्हणाले, "अवं, दारू बैलाले पाजली. ढवळ्याचं पोट फुगलं होतं. पाजता पाजता अंगावर सांडली."

त्यात नवल ते काय! पोट फुगलं की बैलाला दारूच पाजतात, बांबूच्या नळीनं. घरात नळी एकच, ती गाडीलाच टांगलेली असते. पोलिसांना हे कोण सांगणार? मी सांगेन!

१३ जानेवारी

बाबा आले. लग्नातच त्यांनी बजावलं होतं, दारुड्याच्या घरी पोरगी ठेवणार नाही. आज दारातूनच म्हणाले, "प्याला असन तं आत्ताच चाल माह्यासंगं." म्हटलं, कोर्टाचा निकाल लागू द्या. कोर्ट दारुड्या म्हणालं तर माझी मी पेटी घेऊन येते.

बाबा पाणीसुद्धा न घेता गेले.

१५ जानेवारी

उत्तमराव वकिलांकडे गेलो. मीच बोलले, हे उंबऱ्याशी उभे. गुन्हा कबूल केला तर? "किरकोळ गुन्हा आहे. दंड भरा, सुटाल." नाही केला तर? "साक्षीपुरावे, तारखा. हरलात तर कैदही होईल." आणि नुसता वास म्हणजे पुरावा का हो? "नाही बाई. पण वास कुठून आला, ते पटवून द्यावं लागेल."

मग देऊ पटवून! न केलेला गुन्हा कबूल का करायचा?

परतताना हे म्हणतात, "भरून टाकू ना दंड." भित्री भागूबाई!

१६ जानेवारी

पार्वताबाईकडे भाकर-पिठलं घेऊन गेले. पाय फळ्यांत बांधलाय. डबा ठेवून घेतला, मग म्हणाली, "मले वास आला माय. तोंडाचा. कपड्याचा नाई."

फार राग आला. दुखणाईताशी काय भांडायचं, म्हणून उठून निघाले. पण घरी येईपर्यंत मनात भांडतच होते.

३ फेब्रुवारी

उद्या माझी साक्ष. सासूबाई म्हणतात, बाईमाणसानं कोर्टात उभं राहू नये. राहणार!

४ फेब्रुवारी

सुटले! सुटले!

देवाची शपथ घेतली नि सांगितलं, नळी गाडीलाच होती. सरकारी वकिलानं खोदून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी पाहिली?" म्हटलं, होय, पाहिली. रोजच तर असते! मॅजिस्ट्रेटसाहेबांनी संशयाचा फायदा दिला.

बाबांनी पहिल्यांदाच यांच्या पाठीवर हात ठेवला. हे ढसाढसा रडले. पार्वताबाईनं काठी टेकत येऊन माझा डबा परत केला. करो बापडी. खरं ते खरं.

७ फेब्रुवारी

शेजारचे नत्थुजी आले. हातात आमची नळी! "दिवाळीतच नेली होती वासराले पाजाले. वापस द्याचं इसरूनच गेलो."

हे गोठ्यात होते. सगळं ऐकलं असणार. बाहेर आले नाहीत.

पेटी भरायची का, ते मग बघू. उद्या आधी उत्तमरावांकडे जाते. सगळं विचारलं होतं, खोट्या शपथेला काय शिक्षा असते तेवढं विचारायचं राहिलं.