गुरुवारचा पाठ

१८ जून १९७८, रविवार

सौ.ला शाळेतून मोकळं केलं. दोन वर्षं मोशीच्या हायस्कूलात भूगोल शिकवला. हिच्या तासाची घंटा झाली तरी पोरं जागची हलत नाहीत, हे सगळ्यांना मान्य. पण बी.एड. नाही. मुख्याध्यापक (यापुढे मु.अ., एवढं कोण लिहीत बसणार) म्हणाले, "बाई, ट्रेनिंग नसलेला शिक्षक आता ठेवता येत नाही. वर्षात बी.एड. करून या. पुढच्या जूनपर्यंत जागा कशीबशी धरून ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

मी तिथंच चिडलो. ही चिडली नाही. भोसरीला परत येताना बसमध्ये म्हणाली, "अहो, वर्षभर घरातलं पाणी तुम्ही भराल ना?" म्हणजे हिचं ठरलंसुद्धा होतं.

३ जुलै, सोमवार

पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं. आबा मोशीहून भाजी घेऊन आले होते, त्यांना सांगितलं. हिचे सासरे म्हणून एकदा रागावणं त्यांना भाग होतं.

"शिकवत व्हती की ती. आता शिकवायचं कसं ते शिकायला पुन्यांदा शाळा? आन् म्हशी कुनी बघायच्या?"

म्हटलं, आबा, म्हशी मोशीत, आम्ही भोसरीत. तिनं कधी बघितल्या?

"त्येच म्हंतोय मी."

जाताना मेथीची जुडी मात्र तिच्या नव्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवून गेले.

२७ जुलै, गुरुवार

आज सुट्टी. बाकी जगाचा रविवार, आमचा गुरुवार. विजेच्या टंचाईपायी कंपन्यांना सुट्टीचे वार वाटून दिलेत.

जेवताना मी आठवी ब. ही पाटावर उभी राहून 'पर्जन्याचे प्रकार' घेते, मी आमटी ओरपत हात वर करायचा. आधी 'पाठ टाचण' लिहावं लागतं म्हणे. कुठला प्रश्न कधी विचारायचा, फळ्यावर काय लिहायचं, सगळं आधी कागदावर. पोरांची उत्तरंसुद्धा!

"आणि पोरानं दुसरंच उत्तर दिलं तर?"

"तर ते पोर टाचणात बसत नाही," असं म्हणून हसली. मग टाचणाचा कागद उलटा करून ठेवला. मला वाटतं, तिलाही ते पटत नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

परवा पुण्यातल्या एका शाळेत हिचा पहिला सराव पाठ झाला. मागच्या बाकावर भूगोलाचे सर आणि बरोबरच्या बायका शेरे लिहीत बसलेल्या. सरांनी लिहिलं: आवाज फार चढा, हातवारे शेतावरचे.

मला इतका राग आला की सेकंड शिफ्टला निघताना डबाच विसरलो. शेतावरचे म्हणजे काय? शेतावरून आलेली बाई हातवारे काय तबल्यावरचे करील?

ही म्हणाली, "सर बरोबर आहेत. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा म्हणून मी सगळ्यांवरच ओरडते." दोन दिवस आरशासमोर हात मागे बांधून बोलते आहे. हात मागे बांधले की हिची मान हलायला लागते. ते मी सांगितलेलं नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली, पाहुणे गेले. मी मशीनवर आठ तास उभा राहतो आणि घरी येऊन जगावर उपकार केल्यासारखा पडून राहतो. ही दोघांचे डबे करून, उभ्यानं बस गाठून, पुण्यात पाठ घेऊन, दुसऱ्यांचे बघून, परत येऊन भाकरी थापते आणि थापता थापता मानसशास्त्र पाठ करते. परवा पिठाच्या हातानं पुस्तकाचं पान उलटलं, त्या पानावर तिची पाचही बोटं उमटली आहेत. पान झटकू नका म्हणून सांगितलं मला, वाचून व्हायचं आहे.

कौतुक तोंडावर करायचं आमच्या घराण्यात नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो. बाई भारी आहे.

२२ जानेवारी १९७९, सोमवार

छात्रसेवाकाळ लागला. म्हणजे आता सलग एकाच शाळेत शिकवायचं. पिंपरीतली शाळा मिळाली, कामगारांच्या कॉलनीला लागून. पुण्याची दगदग सुटली. वर्ग आठवी ब, निम्मी पोरं कंपनीवाल्यांची, निम्मी जुन्या गावातल्या शेतकऱ्यांची. आमच्या ग्राइंडिंग खात्यातल्या गायकवाडची मंदा याच वर्गात.

शेवटी वार्षिक पाठ. बाहेरचे परीक्षक येणार. त्यात नापास म्हणजे बी.एड. नाही. बी.एड. नाही म्हणजे मोशीची जागा नाही.

२९ जानेवारी, सोमवार

वार्षिक पाठाला दोन वार होते, मंगळवार किंवा गुरुवार. हिनं गुरुवार घेतला. मी घरी असतो, नकाशा आणि तक्ते सायकलवर नेऊन देईन. दोघंही खूश. विषय: कारखाने कुठे आणि का निघतात. म्हटलं, हा तर माझाच विषय. म्हणाली, "तुम्ही फक्त तक्ते आणा."

८ फेब्रुवारी, गुरुवार

सायकलचा ब्रेक करायला सलीमभाईकडे गेलो. गुरुवारी त्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, अख्ख्या कॉलनीच्या सायकली आणि स्कूटर त्याच दिवशी आजारी पडतात. छात्रसेवाकाळात दर गुरुवारी कॉलेजात हजेरी असते, म्हणून ही पुण्यात गेली होती. पुढच्या गुरुवारी हिचा पाठ आहे म्हणून मी जरा मिरवून सांगितलं.

सलीमभाई चाक फिरवायचे थांबले. "गुरुवारी? अहो, गुरुवारी वर्गात असतं कोण? कॉलनीतली पोरं बापाबरोबर गावाला नाहीतर बाजाराला. माझी रुबिना त्याच वर्गात आहे, ती म्हणते गुरुवारी बाकं रिकामी."

मी तसाच सायकल घेऊन घरी. आम्ही दोघं इतके शहाणे, वर्षानुवर्षं गुरुवारची सुट्टी भोगतोय, आणि गुरुवारी शाळेत काय होत असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्हाला पोर नाही ना अजून.

ही संध्याकाळी आली. ऐकलं. म्हणाली, "हो का." आणि कुकर लावला.

१० फेब्रुवारी, शनिवार

वार बदलून मिळत नाही. परीक्षकांचं वेळापत्रक ठरलेलं. सर म्हणाले, अर्धा वर्ग रिकामा दिसला तर वर्गावर पकड नाही असं परीक्षक धरून चालतात. आणि टाचण सोडून एक शब्द बोलू नका, हे परीक्षक त्याबाबतीत कडक आहेत.

मी कँटीनमध्ये सरळ उभा राहिलो. म्हटलं, ज्यांची पोरं आठवी ब मध्ये आहेत त्यांनी या गुरुवारी पोरांना शाळेत पाठवायचं. एक दिवसाचा प्रश्न आहे, राव. सगळे हो म्हणाले. गायकवाड गावी जाणार होता, तोही म्हणाला, "वहिनींसाठी एवढं करतो."

घरी येताना छाती फुगली होती.

११ फेब्रुवारी, रविवार

छातीतली हवा गेली. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, आणि हिनं पोळपाट बाजूला ठेवला. लग्नाला सहा वर्षं झाली, असा आवाज मी ऐकला नव्हता. चढा नव्हता. चढा असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या खात्यातली माणसं थर्ड शिफ्ट करून येतात तेव्हा पोरं शाळेला निघालेली. पोरं परत येतात तेव्हा ती झोपलेली. गुरुवार सोडला तर त्या पोरांना बाप दिसतो कधी? तो एक दिवस मी माझ्या मार्कांसाठी काढून घेऊ?"

"अगं, पण मोशीची जागा..."

"जागा मला पाहिजेच आहे. पण अशी नको. उद्या जाऊन सगळ्यांना सांगा, पोरांना जिथं न्यायचं तिथं न्या."

मी जेवलो नाही. मग भूक लागली, जेवलो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

परत कँटीनमध्ये उभा राहिलो. परवाचं विसरा म्हणालो. लोक हसले. एकजण म्हणाला, "भाऊ, घरी इन्स्पेक्शन झालं वाटतं." झालं, म्हटलं.

दिवसभर रागात काम केलं. दुपारनंतर राग कुठं गेला कळलं नाही. मीही आलटून पालटून थर्ड शिफ्टवाला. उद्या आम्हाला पोर झालं तर तेही माझी गुरुवारीच वाट बघणार.

१४ फेब्रुवारी, बुधवार

टाचण पूर्ण. फळ्यावर चार मुद्दे: पाणी, वीज, रस्ते-रेल्वे, कामगार. तक्ता मीच रंगवला, रेल्वे जरा नदीत गेली आहे. ही म्हणाली चालेल.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पाहिलं. तिला शिकवताना पहिल्यांदा पाहिलं.

शिपायानं व्हरांड्यात उभं राहू दिलं. खिडकीतून दिसत होतं. खरंच अर्धी बाकं रिकामी. राहिली होती ती गावातली पोरं, रुबिना आणि आणखी थोडी. परीक्षक मागे, मांडीवर टाचण, हातात पेन्सिल. हिनं आधी सगळ्यांना पुढच्या बाकांवर बोलावलं. "आज आपण थोडे आहोत, जवळ बसू." आवाज अगदी बेताचा. हात मोकळे.

नकाशा लावला. विचारलं, "आपल्याकडे एवढे कारखाने निघाले. इथंच का निघाले असतील?"

पहिल्या बाकावरचा एक गावातला मुलगा उठला. "आमचं रान व्हतं म्हनून, बाई."

दोन-तीन पोरं हसली. परीक्षकांनी टाचणात बघितलं. तिथं 'पाणी' असणार, मला माहीत होतं. 'शाब्बास, आणखी कोण सांगेल?' म्हणून पुढं जायचं, एवढं सोपं होतं. मी खिडकीचा गज धरून मनात म्हणत होतो, जा पुढं, मालन, पुढं जा.

ही थांबली. "कुठं होतं रान?"

"कंपनीच्या गेटापाशी. ज्वारी व्हायची. आता न्हाई."

हिनं खडू घेतला आणि फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं: जमीन. म्हणाली, "बरोबर. हे सगळ्यात आधी लागतं. ते मी लिहायलाच विसरले होते." मग पाणी, वीज, रस्ते-रेल्वे त्याच्याखाली.

परीक्षकांची पेन्सिल चालू झाली ती थांबेना.

आणि हे कमी होतं म्हणून पाठ अर्ध्यावर असताना दारात मंदा. नवा फ्रॉक, डोक्याला तेल, हातात प्रवासाची पिशवी. खाली फाटकाशी गायकवाड बायकोसह उभा. मंदाला बाईंनी आत घेतलं. घड्याळाकडे बघितलं नाही, उशीर का झाला विचारलं नाही. त्याच रानवाल्या मुलाला म्हणाली, "आत्तापर्यंत काय काय झालं, ते हिला तू सांग."

तो उठला. फळ्याकडे न बघता सांगितलं. "कारखान्याला पानी लागतं, वीज लागती, रस्ता, रेल्वे लागती. आन् आमची जमीन लागती."

मंदा म्हणाली, "आणि माझे बाबा लागतात."

"कामगार," बाईंनी लिहिलं. पाठाचा शेवटचा मुद्दा पोरीनं आणून दिला होता.

मला रडू आलं, त्याला काय करणार? शिपाई म्हणाला, "साहेब, डोळ्यात कचरा गेला का?" हो म्हटलं.

खाली गायकवाड म्हणाला, "पोरगी ऐकंना. बाईंचा पाठ करूनच निघायचं म्हणाली. म्हटलं चल, पुढची यष्टी धरू." तिचं ऐकून तिघं पुढच्या गाडीनं गेले.

परीक्षक शेऱ्यांचा कागद घडी करून खिशात घालून निघून गेले.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सर म्हणाले, पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. ही म्हणते ठीक झाला. जेवण नीट जात नाही तिला.

२२ एप्रिल, रविवार

लेखी पेपर संपले. बरे गेले. ही दुपारी झोपली ती दिवेलागणीला उठली. आबा आले होते, त्यांना मीच चहा करून दिला. "निजू दे तिला," म्हणाले. हिच्या उशाशी पुस्तकं होती, ती एकेक उचलून बघत होते. वाचता येत नाही, तरी.

२८ मे, सोमवार

तिच्या बरोबरची एक मैत्रीण भेटली. त्याच परीक्षकांनी टाचण सोडल्याबद्दल तिच्या ओळखीतल्या एकाला वार्षिक पाठात नापास केलं होतं म्हणे, गेल्या साली. मला हे सांगायची काय गरज होती? हिच्यापुढेच सांगितलं.

मोशीला मु.अ. भेटले. बी.एड. झालेले एक गृहस्थ दोनदा अर्ज घेऊन येऊन गेले. मु.अ. भले आहेत, पण त्यांच्याही वर माणसं आहेत.

१० जून, रविवार

निकाल नाही. कॉलेजात रोज 'या आठवड्यात' म्हणतात.

उद्या मोशीची शाळा उघडते. मु.अ.नी निरोप दिला, या आणि वर्ग सुरू करा. निकाल चांगला लागला तर जागा तुमची, नाहीतर त्या गृहस्थांना बोलवावं लागेल.

ही साडीला इस्त्री करत होती. फार दिवस दाबून ठेवलेलं मी आज विचारलंच. "वार्षिक पाठात नापास केलं असलं तर?"

"पुन्हा पाठ द्यायचा."

"आणि त्यातही एखादं पोर टाचणाबाहेरचं बोललं तर?"

तिनं पदर उलटून घातला, इस्त्री फिरवली. "मग त्याचं ऐकायचं. वर्गात त्याच्यासाठीच तर उभं राहायचं असतं."

ती जिथं उभी राहील तो वर्ग, विद्यापीठ काय म्हणायचं ते म्हणो. पण जागा मिळावी, असं फार वाटतं. उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आहे, तिला मोशीच्या बसपर्यंत सोडायला जाता येणार नाही.