ठिणगीसमोरची कलती काच

२४ ऑक्टोबर १९७४, सांगली
खंडेनवमी. लेझर, कॅमेरा आणि त्याच्या भिंगापुढे आडोशाला उभी केलेली आडकाच — तिघांनाही हळदकुंकू! प्रयोगशाळेचे शिपाई केरबामामा म्हणाले, "ताई, नवं यंत्र पुजल्याबिगर चालू करायचं न्हाई." दसरा होईपर्यंत मोजणी बंद.

२८ ऑक्टोबर
लेझरचा झोत अ‍ॅल्युमिनियमवर पडतो, धातूची वाफ उडते, ठिणगी पेटते. तिचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो का, एवढाच माझ्या एम.एस्सी. प्रबंधाचा प्रश्न. कॅमेऱ्यापुढची, एकाच दिशेची कंपने जाऊ देणारी पोलरॉइडची चकती फिरवल्यावर तो कमी-अधिक झाला, तर असतो.
झाला! आणि चांगलाच.
माझे मार्गदर्शक घोरपडे सर कधी नव्हे ते मोठ्याने बोलले. "विजयमाला, लेखावर तुमचं नाव पहिलं. पुढच्या वर्षीची संशोधनाची जागाही तुमचीच." मी मान हलवली. आभाराचे वाक्य वसतिगृहावर पोहोचल्यावर सुचले.
केरबामामा : "पुजलेलं पावलं का न्हाई?"

३१ ऑक्टोबर
परिणाम अपेक्षेहून फार मोठा आहे. म्हणून ठिणगीच्या जागी साधा बल्ब ठेवून पाहिला. त्याचा प्रकाश ध्रुवित नसतो. पोलरॉइड फिरवून काहीही बदलता कामा नये.
बदलला.
दोष आडकाचेचा. धातूचे शिंतोडे भिंगावर उडू नयेत म्हणून ती उभी केलेली. आता पुढे कललेली दिसली. तिरप्या काचेतून आलेला प्रकाश थोडा ध्रुवित होतोच. परीक्षेत हेच लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते!
केरबामामांना विचारले. "मीच कलती ठिवली की! पुजलेली वस्तू हाय ती. देवाची तसबीर कुनी ताठ लावतं व्हय?"
आम्हां कोणालाच ते खटकले नव्हते. घरोघरी तसबिरी तशाच असतात.

२ नोव्हेंबर
सरांना सांगितले. लेख कालच टपालात पडला होता.
"सोमवारी तार करतो, लेख मागे घेतो," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर पाहत — "तुमच्यासाठी जागा आता कशाच्या जोरावर मागू?"
जिन्यात केरबामामा उभे. "आवं ताई, माझ्यामुळं झालं व्हय?"
"नाही," मी म्हणाले.

३ नोव्हेंबर
वाचन नाही. जेवणही नाही.

४ नोव्हेंबर
ओळंबा लावून काच ताठ केली. बल्ब ठेवला — बदल नाही. ठिणगी पाडली — बदल आहे! पूर्वीच्या चौथाईइतका, पण आहे. पुन्हा पाडली. आहे. म्हणजे लेख मागे घ्यायला नको, आकडा सुधारला की पुरे!
धावत गच्ची गाठली. खाली सर तारेचा कागद खिशात घालून सायकलवर टांग टाकत होते. मी गच्चीच्या कठड्यावरून हाक मारली. मी! आवारातल्या साऱ्यांनी वर पाहिले. सरांना ऐकू गेले नाही, म्हणून आणखी मोठ्याने मारली.