भाऊकाका, तो कोट काढा

तीर्थरूप भाऊकाका,

तुम्ही जाऊन चाळीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज लिहितेय ती रागाने, तेव्हा नमस्कार वगैरे गृहीत धरू नका.

काल टीव्हीवरच्या युद्धाच्या मालिकेत एका जवानाने पडक्या घरातल्या अनाथ मुलीला उचलून छातीशी धरलं. मुलगी गप्प, मागे व्हायोलिन. सून डोळे पुसत मला म्हणाली, "आई, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" काय सांगू तिला? मी बघत होते, त्याने कोट कोणाचा घातलाय!

बाबा ब्रह्मदेशच्या लढाईत गेले, पाठोपाठ आई तापाने गेली. तुम्ही मला नौपाड्यात तुमच्या घरी आणलंत. माझ्याबरोबर एक ट्रंक आली आणि ट्रंकेत बाबांचा खाकी लोकरी कोट. शेवटच्या रजेवर आले तेव्हा तो घरीच राहिला होता. कॉलरच्या आत, अस्तरावर, आईने लाल दोऱ्याने त्यांचं नाव घातलं होतं. त्या दोघांचं माझ्याकडे तेवढंच होतं.

स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली आणि गणेशोत्सवात तुम्ही युद्धाचं नाटक बसवलंत. लेखक तुम्ही, दिग्दर्शक तुम्ही, शूर जवानही तुम्हीच. अंगात बाबांचा कोट. विचारलंत तरी का मला? आणि अनाथ मुलीच्या कामाला मुलगी शोधावी लागली नाही. घरात होतीच की, आयती!

"आजपासून मीच तुझा बाबा," असं म्हणून तुम्ही मला कडेवर घ्यायचात. बायका हुंदके द्यायच्या आणि पुरुष 'वन्स मोअर'चा गजर करायचे. मग मला खाली ठेवायचं, दोन पावलं मागे जायचं, पुन्हा उचलायचं. कधीकधी तीनदा. आणि घरी? "नले, भांडी तशीच पडलीत." वर्षाच्या उरलेल्या दिवसांत माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवलात?

सांगायची लाज वाटते, पण मी त्या वन्स मोअरची वाट बघायचे. कडेवर घेतलंत की माझं नाक कॉलरपाशी यायचं, डोळ्यांसमोर ते लाल दोरे. तेवढ्यापुरते बाबा भेटायचे. एका पोरीला बापासाठी लोकांच्या टाळ्यांवर अवलंबून ठेवलंत, काका. हे मी कधीच माफ करणार नाही.

तिसऱ्या वर्षी टेंभी नाक्यावर प्रयोग होता. त्या दुपारी मी कोट मागितला, नुसता हातात धरायला. तुम्ही म्हणालात, "इस्त्री मोडेल." संध्याकाळी स्टेजवर तुम्ही विचारलंत, "बाळ, तुझे बाबा कुठे आहेत?" उत्तर होतं, 'देवाघरी'. मी तुमच्याकडे बोट करून ओरडले, "हा कोट माझ्या बाबांचा आहे. काढा तो!"

तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला! मला वाटलं, आता लोक उठतील, तुमच्या अंगातून कोट काढतील. आणि झालं काय? टाळ्या! त्यांना वाटलं, हे नाटकातलंच. "वन्स मोअर!" तुम्ही लगेच सावरलात, वाकलात आणि माझ्या कानात म्हणालात, "पुन्हा म्हण." आणि मी म्हटलं. मी कडेवर मावेनाशी होईपर्यंत दर प्रयोगाला म्हणत राहिले. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी काकूला ते लाल दोरे उसवायला बसवलंत. अस्तराला सुईची भोकं तेवढी राहिली.

परवा तुमच्या मंडळाचा सेक्रेटरी आला होता. "आजी, मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष आहे. भाऊंचा कोट काचेच्या पेटीत ठेवतोय. उद्घाटन तुमच्याच हातून हवं. आणि ते तुमचं फेमस वाक्यपण एकदा म्हणा ना!"

भाऊंचा कोट! मी लगेच हो म्हटलं. बिचारा खूश होऊन गेला.

तेव्हा आता ऐका. रविवारी मी स्टेजवर चढणार. तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट करून तेच वाक्य म्हणणार. टाळ्या पडतील, पडू देत. मग पेटी उघडणार, कॉलर उलटी करणार आणि ती भोकं पहिल्या रांगेला दाखवणार. तिथे तुमचा मुलगा बसलेला असेल, त्याला सगळ्यात आधी. आणि कोट घेऊन घरी येणार. लाल दोरा आणून ठेवलाय. मला आता सुईचं नाक दिसत नाही, सून ओवून देणार आहे. टाके मात्र मीच घालणार.

लोक वन्स मोअर ओरडतील, काका. या वेळी मी थांबणार नाही.

बाबांची,
नलू