चाकं घे, बेअरिंग राहू दे

आई, माझ्या गॅरेजमध्ये हल्ली सारखं कुणीतरी येऊन विचारतं, गाडीला हलकी चाकं आणि सिरॅमिकची बेअरिंगं बसवली तर फरक पडतो का? मी लगेच सांगते. चाकांचा पडतो, बेअरिंगचा पडत नाही. हे उत्तर मोबाइलवरच्या व्हिडिओतून उचललेलं नाही. यंदा तुझ्या नातीपायी ते माझ्या हाताखालून गेलंय, आणि ते सगळं चालू असताना तू फार आठवलीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही. तुझे हात मात्र आठवतात, नखांच्या कडेला वंगण राहिलेले.

करकंबचं आपलं दोन खोल्यांचं घर. अप्पा मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर, घरात आपण दोघीच. तू आरोग्य उपकेंद्रातली नर्स. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून, लशीची पेटी मागं बांधून तू पुरुषांची मोटरसायकल चालवायचीस, कारण काळ्या मातीत मोपेडचं काही चालायचं नाही. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांची अशी वाट लावलेली की पावसाळा संपला की चाकाचं बेअरिंग खडखडायला लागायचं. मिस्त्री पंढरपूरला. तू एकदा त्याच्या दुकानात उभी राहून नीट बघून आलीस, आणि पुढच्या वेळी पुढचं चाक सरळ स्वयंपाकघरात आणलंस. चूल विझलेली आहे, ताटलीत रॉकेल आहे, दात घासायच्या जुन्या ब्रशनं तू बेअरिंगच्या गोळ्या धुतेयस. धुतलेलं बेअरिंग मला पुसायला देतेस आणि मी काय करते, तर ते घेऊन शेजारच्या पंक्चरवाल्याकडं पळते. त्याच्या हवेच्या नळीनं त्यावर जोरात हवा मारते. आतलं कडं भिंगरीसारखं फिरतं, शिट्टी वाजते, मी नाचत तुला दाखवायला येते. तू हातावर चापटी मारलीस, चांगली लागेल अशी.

"कोरडं फिरवतीस व्हय? वंगण न्हाय त्यात. गोळ्या खरवडून निघत्यात."

"पण किती हलकं फिरतंय बघ की," मी म्हणाले.

"रिकामं हाय म्हणून फिरतंय. गाडीवर माणूस बसल्यावर कसं फिरतंय ते सांग."

मग तळहातावर वंगणाचा गोळा घेऊन तो बेअरिंगमध्ये कसा दाबायचा ते तू मला दाखवलंस. त्या संध्याकाळच्या भाकरीला रॉकेलचा वास होता, तरी आपण दोघींनी ती खाल्ली. दहावीचा निकाल लागला तेव्हा मावशीला वाटलं तू मला घड्याळ घेशील. तू पान्यांचा संच आणलास. मावशी म्हणाली, "पोरीचं हात काळं करतीस की गं." तू संच माझ्या मांडीवर ठेवलास. मला म्हणालीस, "नर्स हो म्हणत न्हाय मी. पर जे करशील ते आदी हातानं करून बघ, मग बोल." मी आज जी आहे ती त्या एका वाक्यानं झाले असं म्हणणं खोटं ठरेल. पण सोलापुरात एमआयडीसीच्या रस्त्याला माझ्या नावाची पाटी लावताना मला कुणाची परवानगी मागावीशी वाटली नाही, ते मात्र तुझ्यामुळं. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक आत यायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठं आहेत?" आता टॉवेलच्या कारखान्यांतली माणसं तेलुगूत एकमेकांना माझा पत्ता सांगतात.

तुझी नात शर्यतीत मोटरसायकल चालवते. गुळगुळीत रस्त्यावरची नाही, माळावरची, धुळीतली, दगडगोट्यांतली. तू तिला पाहिलं नाहीस. तिची चाल तुझी आहे, घाई असल्यासारखी. गेल्या वर्षी एका वळणावर ती पडली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. घरात सगळे म्हणाले, आता पुरे. गाडी मी तयार केली होती. मोडकी गाडी घरी आणून मी तिचा एकेक भाग सोडून तपासला, आणि दोष गाडीत नव्हता हे कळल्यावरच मला झोप लागली. दोष वेगाचा होता. यंदा ती पुन्हा उतरणार म्हणाली तेव्हा मी एवढंच म्हणाले, गाडीला पाना माझ्या हातून लागेल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तिला नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून तिनं माझ्यासाठी साडी आणली आणि स्वतःसाठी सिरॅमिकची बेअरिंगं. छोटीशी डबी, आत स्पंज, स्पंजात ती बेअरिंगं दागिन्यासारखी बसवलेली. कडी पोलादाचीच, गोळ्या मात्र चिनी मातीसारख्या कडक आणि गुळगुळीत. तिनं एक बेअरिंग बोटावर धरून फिरवलं. ते फिरतच राहिलं.

"बघ मम्मी, थांबतच नाही!"

मला हसू आलं आणि तुझी चापटीही आठवली. मी तिला म्हटलं, "बोटावर छान फिरतंय. तू बसल्यावर बघू." तिला राग आला. "तू जुन्या काळातली आहेस," म्हणाली. मी म्हटलं, "ठीक आहे. वाद नको, चालवून बघू." हलकी चाकं मला तिच्यासाठी घ्यायचीच होती, लोखंडी रिमच्या जागी ॲल्युमिनियमची. ती मी मागवली.

रविवारी सकाळी कारखाने बंद असतात, आमच्या समोरचा रस्ता मोकळा असतो. टायर एकाच जातीचे, हवा एकसारखी. आधी जुनी चाकं लावून ती एक फेरी मारून आली, मग हलकी लावून. दुसऱ्या फेरीहून परतली तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच बोलत होती. "अगं, ही नुसतं बघितलं की वळते! ब्रेक दाबला की लगेच ऐकते!" मला ते अपेक्षितच होतं. चाकाचं वजन कडेला असतं. ते फिरवायला जोर लागतो आणि थांबवायलाही. तिथलं वजन उतरलं की गाडी आपलं ऐकते. ह्यात मला शंका नव्हती, आजही नाही.

बेअरिंगची गोष्ट वेगळी. चाकं लपवता येत नाहीत, बेअरिंग लपवता येतं. मी तिला म्हटलं, "तू चहा पिऊन ये. मी बेअरिंगं बदलते किंवा बदलत नाही. चालव आणि सांग आत कुठली आहेत." ती हसत गेली. पहिल्यांदा परतून म्हणाली, साधी आहेत. दुसऱ्यांदा गेली, परत आली, आणि गाडी उभी करून टाळीच वाजवली.

"ही! ही सिरॅमिकची. लगेच कळतंय. गाडी किती मोकळी पळतीय!"

मी एप्रनच्या खिशातून तिची सिरॅमिकची बेअरिंगं काढून तिच्या हातावर ठेवली. सकाळपासून ती तिथंच होती.

तिनं त्यातलं एक पुन्हा बोटावर फिरवून बघितलं. आता रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं. पहिल्या पगाराची वस्तू, आई. मग ती फुटपाथवर बसली आणि पोट धरून हसली. मीही बसले. तिला समजावून सांगितलं की गाडीला अडवतो तो वारा, अडवतो तो टायर आणि खालची माती. बेअरिंग त्या मानानं काहीच अडवत नाही. धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून चांगलं सील आणि नीट भरलेलं वंगण, एवढंच त्याला हवं. सिरॅमिक वाईट नाही. खूप वेगानं फिरणाऱ्या यंत्रात ते सोनं आहे. आपल्या चाकात त्याला तेवढं कामच नाही. "मग चाकं घे, बेअरिंग राहू दे," तीच म्हणाली, आणि मला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. शर्यत माळशिरसच्या पुढं, डोंगराच्या बाजूच्या मुरमाड माळावर होती. आदल्या दिवशी ती सगळा मार्ग पायी चालून आली. बुटांना लाल माती, चेहरा उतरलेला. म्हणाली, "मम्मी, जुनी चाकं लाव."

मी चक्रावले. "डोकं फिरलंय का? तुला फरक कळला होता की."

"कळला होता. पण तो डांबरावर. इथं उतारावर मुठीएवढे दगड आहेत, वर आलेले. हलकी रिम त्यांवर आदळली तर जागेवर चिरेल. लोखंडी वाकेल, पण मला घरी आणेल."

मी वाद घातला. मी इतकी वर्षं चाकं बांधतेय, ही रिम मजबूत आहे, तू गेल्या वर्षीच्या पडण्यानं घाबरलीयस, असं सगळं बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तू मार्ग चाललीस का?" मी चालले नव्हते. मग आम्ही दोघी गेलो. उताराच्या तोंडाशी मी एक दगड बुटानं ढकलून बघितला, तो हलला नाही, जमिनीत रुतलेला होता. मी गाडीपाशी परतले आणि जुनी चाकं चढवायला पाना हातात घेतला. ती आधी चालून बघून मग बोलली होती, आणि मनातून मला इतका आनंद झाला होता की तो तिच्यापासून लपवावा लागला.

दुसऱ्या दिवशी त्या उतारावर दोन गाड्या चिरलेल्या रिमा घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. तुझ्या नातीची पुढची रिम वाकली, गाडी डगमगली, पण पळत राहिली. ती तिसरी आली. पहिली आली नाही, याचं तिला वाईट वाटलं, मला नाही. ती अख्खी आली होती. परतताना मोटरसायकल टेम्पोत चढवली, ती शेजारी बसून झोपली आणि टेम्पो मी चालवला, तू लस घेऊन जायचीस त्याच भागातून. तिथं आता चांगला रस्ता आहे. पुढच्या महिन्यात डांबरी घाटातली शर्यत आहे. तिथं हलकी चाकं लावणार, तिनं आणि मी मिळून ठरवलंय.

हे सगळं लिहून मी कुठं पाठवणार? कागद घडी करून ठेवते आणि कामाला लागते, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. तेवढं एक सांगते, जे तिला सांगितलेलं नाही. शर्यत संपल्यावर तिनं विचारलं, "मम्मी, शेवटच्या वळणावर कशी दिसले मी?" मी म्हटलं, "झकास." खरं तर मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं, आई. शेवटपर्यंत माझी नजर पुढच्या चाकावर होती.